एका कर्नलवर चालणारा ड्रायव्हर दुसऱ्यावर का भांडतो: उबंटू २२.०४, ५.१५ आणि ६.८

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅबमध्ये उबंटू २२.०४ ची बरीच मशीन्स आहेत. काहींवर ५.१५ कर्नल (लिनक्सचा गाभा) आहे, काहींवर ६.८. सगळीकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० कार्ड आणि रियलटेकच्या ८८२१सीयू चिपचा यूएसबी वायफाय डोंगल आहे. ५.१५ वर वायफायसाठी बाहेरून आणलेला ड्रायव्हर डीकेएमएसने (दर कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधणारी सोय) बसवलाय, तो नीट चालतो. ६.८ वर तोच बसवला की वायफाय कधी मिळतं, कधी नाही. काढून टाकला तर अजिबातच मिळत नाही. शिवाय कर्नल अपडेट झाला की कुठल्या तरी मशीनवर एनव्हिडिया जातं आणि स्क्रीन कमी रिझोल्यूशनवर येते. हे दर अपडेटला का होतं, आणि कर्नल सगळीकडे गोठवून टाकावा का?

गोठवू नका, निदान आज तरी. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत आणि कर्नल गोठवून ती नुसती झाकली जातील.

आधी एक फरक पक्का करून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. लिनक्समध्ये मॉड्यूल्स (कर्नलमध्ये चढणारे ड्रायव्हरचे तुकडे), हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फायली) आणि बूट होताना सुरुवातीला चढणारी इनिटरॅमएफएस या गोष्टी दर कर्नलच्या वेगळ्या असतात. पण ब्लॅकलिस्टच्या (अमुक मॉड्यूल चढवू नका असं सांगणाऱ्या) फायली, फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्राम), जीसीसी कंपायलर, एनव्हिडियाच्या लायब्रऱ्या आणि सिक्युअर बूटची (सही नसलेलं मॉड्यूल चढू न देणारी सोय) की या अख्ख्या मशीनला मिळून एकच. कुठलाही कर्नल चढवा, त्या त्याच राहतात. ड्रायव्हरची भांडणं मला बहुतेक वेळा याच सीमेवर सापडतात. एका कर्नलसाठी केलेली सोय मशीनभर लागू झालेली असते आणि ती दुसऱ्या कर्नलला नडते.

(कमांड्स आणि फायलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर ती आणि त्यातले अंक अर्थातच रोमनमध्ये टाका.)

वायफाय आधी घेऊ. ८८२१सीयूच्या यूएसबी चिपसाठीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला तो ६.२ पासून, आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरच्या घराण्यात. ५.१५ मध्ये तो नाहीच, म्हणून तिथे बाहेरचा लागतो, हे तुमचं बरोबर आहे. ६.८ मध्ये मात्र आतला ‘आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू’ आधीच आहे आणि डीकेएमएसने बाहेरचा ‘८८२१सीयू’सुद्धा तिथे बांधून ठेवलाय. दोघांच्याही यादीत तोच यूएसबी आयडी आहे, ०बीडीए:सी८११. डोंगल लावला की कर्नल तो आयडी जाहीर करतो, यूडेव्ह (नव्या उपकरणांवर लक्ष ठेवणारी सेवा) मॉडप्रोबला (मॉड्यूल चढवणारी कमांड) कामाला लावतं आणि मॉडप्रोब त्या आयडीशी जुळणारी सगळी मॉड्यूल्स चढवतं, एकच निवडत बसत नाही. त्यातल्या ज्याने आधी हात घातला, डोंगल त्याचा. तुमचं ‘कधी मिळतं, कधी नाही’ ते हेच.

इथे लोक हमखास एलएसमॉड चालवतात, त्यात दोन्ही नावं दिसतात आणि मग गोंधळ वाढतो. एलएसमॉड फक्त कोण चढलंय ते सांगतं. उपकरण कोणाच्या ताब्यात आहे ते बघायचं असेल तर ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा, प्रत्येक उपकरणासमोर ‘ड्रायव्हर=’ असं लिहून येतं. पीसीआय कार्डांसाठी ‘एलएसपीसीआय -एनएनके’. त्यात ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ ताबेदाराची आणि ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ नुसत्या उमेदवारांची. जुन्या रियलटेक लॅन चिपांवर आर८१६९ आणि आर८१६८ या दोन ड्रायव्हरांचा जो वाद चालतो, तो या दोन ओळी बघितल्या की लगेच समजतो.

दोन मॉड्यूल्सचं नावच एक असेल तर नियम वेगळा आहे. तेव्हा शर्यत होत नाही. डेपमॉड (मॉड्यूल्सची यादी बनवणारी कमांड) कोणत्या फोल्डरला मान देतं त्यावर ठरतं, आणि उबंटूत ‘अपडेट्स’ फोल्डर आधी येतं. डीकेएमएस आपली मॉड्यूल्स तिथेच ठेवतं. म्हणजे नाव सारखं असेल तर बाहेरचा जिंकतो, नाव वेगळं असेल तर जो आधी पोचेल तो. एएमडीच्या पॅकेजमधून आलेला एएमडीजीपीयू पहिल्या प्रकारचा, तुमचा डोंगल दुसऱ्या प्रकारचा. कोणती फाईल चढणार ते ‘मॉडइन्फो -एन’ आणि मॉड्यूलचं नाव टाकलं की पूर्ण पाथसकट कळतं.

आता, बाहेरचा काढल्यावर आतल्याने तरी काम करायला हवं होतं, ते का झालं नाही? /एटसी/मॉडप्रोब.डी मध्ये बघा. बाहेरच्या ड्रायव्हरची स्थापना करणारी स्क्रिप्ट बहुधा तिथे स्वतःची एक फाईल टाकते आणि त्यात ‘ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू’ अशी ओळ असते. हेतू चांगला असतो, आतला मध्ये येऊ नये. पण ‘डीकेएमएस रिमूव्ह’ मॉड्यूल काढतं, ही फाईल काढत नाही. बाहेरचा गेला, आतल्याला बंदी तशीच. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हा डोंगल. ‘ग्रेप -आर ८८२१ /एटसी/मॉडप्रोब.डी’ एवढं केलं की ती ओळ सापडेल.

माझा उपाय असा, की ब्लॅकलिस्ट मुळात ठेवूच नका. ती मशीनभर लागू होते, आणि तुम्हाला हवाय कर्नलनुसार निर्णय. तो घ्यायची जागा डीकेएमएसमध्येच आहे. ड्रायव्हरचा सोर्स /यूएसआर/एसआरसी मध्ये असेल, त्यात डीकेएमएस.कॉन्फ नावाची फाईल आहे. तिच्यात ‘बिल्ड_एक्सक्लुझिव्ह_कर्नल’ या नावाने एक रेग्युलर एक्सप्रेशन देता येतं. तिथे ‘^५\.१५\.’ लिहा. यापुढे डीकेएमएस हे मॉड्यूल फक्त ५.१५ च्या कर्नलांसाठी बांधेल. ६.८ चा नवा कर्नल आला की ‘एरर!’ ने सुरू होणारा एक संदेश दिसेल. तो नीट वाचा, त्यात हे मॉड्यूल या कर्नलसाठी बांधायचं नाही एवढंच म्हटलेलं असतं. घाबरून ती ओळ परत काढू नका.

मग ६.८ साठी आधीच बांधलेली मॉड्यूल्स काढा: ‘डीकेएमएस रिमूव्ह’ला मॉड्यूलचं नाव, आवृत्ती आणि ‘-के’ने तो विशिष्ट कर्नल द्या. ‘--ऑल’ लावू नका, नाहीतर ५.१५ चंही जाईल. ब्लॅकलिस्टची ओळ काढा, डोंगल उपसून परत लावा. आता ५.१५ वर फक्त बाहेरचा आहे, ६.८ वर फक्त आतला. भांडायला दुसरं कोणी उरलं नाही.

एवढं करूनही ६.८ वर वायफाय आलं नाही तर डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघा. रियलटेकच्या मूळ सोर्सवरून आलेले बाहेरचे ड्रायव्हर फर्मवेअर स्वतःच्या पोटात घेऊन येतात. आतला ड्रायव्हर ते /लिब/फर्मवेअर मधून मागतो, त्याला ‘आरटीडब्ल्यू८८२१सी_एफडब्ल्यू.बिन’ ही फाईल लागते. ती नसेल तर ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ आणि ‘एरर -२’ अशी ओळ येते. उणे दोन म्हणजे फाईलच नाही. लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अद्ययावत केलं की झालं. हेच दुखणं मेनलाइन (वितरणाने न बदललेल्या, मूळ) कर्नलच्या डेब फायली उतरवून बसवणाऱ्यांना इंटेलच्या वायफायवर भेटतं: कर्नल नवा कोरा, फर्मवेअरचं पॅकेज मात्र वितरणाबरोबर आलेलं जुनं.

आणखी एक शक्यता. एलएसयूएसबीमध्ये तुमचा डोंगल ०बीडीए:१ए२बी असा दिसत असेल, तर तो अजून वायफाय झालेलाच नाही. तो विंडोजचा ड्रायव्हर पोटात घेऊन आलेली खोटी सीडी ड्राइव्ह म्हणून उभा आहे. यूएसबी-मोडस्विच पॅकेज असलं की तो रूप बदलतो. लॅमिंग्टन रोडवरून एकाच खोक्यातले दहा डोंगल आणले तरी सगळ्यांच्या आत एकच चिप निघेल याची खात्री धरू नका. खोक्यावर चिपचं नाव नसतं, असतो तो वेग आणि अँटेनाचं चित्र. ड्रायव्हर आयडी बघून ठरवायचा, खोकं बघून नाही.

ब्लॅकलिस्टबद्दल थोडं अजून, कारण काही ठिकाणी ती टाळता येत नाही. एनव्हिडियासाठी नूव्होला (त्याच कार्डांचा कर्नलमधला ड्रायव्हर) अडवावंच लागतं. ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’ घेतला तर बी४३, एसएसबी, बीसीएमए यांना. पण ‘ब्लॅकलिस्ट’ या शब्दाची ताकद लोक समजतात त्याहून कमी आहे. उपकरणाच्या आयडीवरून आपोआप चढणं तेवढं ती थांबवते. दुसऱ्या मॉड्यूलला ते लागत असेल किंवा कोणी हाताने मॉडप्रोब केलं तर ते बिनदिक्कत चढतं. पक्कं अडवायचं तर त्याच फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉल’ ओळ लिहून पुढे ‘/बिन/फॉल्स’ द्यावं लागतं. आणि एकाच कर्नलपुरतं अडवायचं असेल तर ग्रबमध्ये (बूट होताना कर्नल निवडणारा मेन्यू) त्या नोंदीच्या कर्नल ओळीत ‘मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=’ लिहा, ते मशीनभर पसरत नाही.

यात एक खाच आहे, ती माहीत नसली की माणूस चक्रावतो. मॉडप्रोब.डी मधल्या फायलींची प्रत इनिटरॅमएफएसमध्येही जाते. म्हणून ब्लॅकलिस्ट बदलली की ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण नुसतं ‘-यू’ फक्त सर्वांत नव्या कर्नलची प्रतिमा बनवतं. तुमच्या मशीनवर ५.१५ आणि ६.८ दोन्ही असतील तर ६.८ ला नवी ब्लॅकलिस्ट मिळते आणि ५.१५ जुनीच घेऊन बसतो. मग ‘मी तर बदललं होतं’ म्हणत लोक फाईल पुन्हा पुन्हा उघडून बघतात. ‘-के ऑल’ जोडा. फेडोरा, रेडहॅटवर ड्रॅकटचंही तसंच: ‘-एफ’ चालू कर्नलपुरतं, सगळ्यांसाठी ‘--रीजनरेट-ऑल’.

आता एनव्हिडिया. हे दुखणं ताब्याचं नाही, बांधणीचं आहे.

उबंटू २२.०४ आलं एप्रिल २०२२ मध्ये, ५.१५ कर्नल घेऊन. त्यानंतर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी नवे कर्नल) नावाच्या रांगेतून ५.१९, ६.२, ६.५ आणि शेवटी ६.८ आले. सर्व्हरची स्थापना मूळ ५.१५ वर राहते, डेस्कटॉपची एचडब्ल्यूईच्या रांगेत जाते. तुमच्या लॅबमध्ये दोन कर्नल कसे झाले त्याचं कारण बहुतेक हेच, मशीन्स वेगवेगळ्या आयएसओवरून बसवली गेली.

२२.०४ चा नेहमीचा जीसीसी ११ आहे. एचडब्ल्यूईतला ६.५ आणि ६.८ मात्र जीसीसी १२ ने बांधलेले आहेत. डीकेएमएस मॉड्यूल बांधताना कर्नलचेच पर्याय कंपायलरला देतं आणि त्यातला ‘-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झीरो’ हा जीसीसी ११ ला कळत नाही. बांधणी तिथेच थांबते, अपडेट पुढे सरकतं, रीबूट झाल्यावर मॉड्यूल नसतं, आणि कार्ड साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर, येतं. बघायची जागा एकच: /व्हार/लिब/डीकेएमएस मध्ये एनव्हिडियाच्या फोल्डरखालची मेक.लॉग फाईल. तिचा शेवट वाचू नका, तो नुसता ‘मेक’चा आक्रोश असतो. वरून खाली येत पहिली एरर शोधा. वरचा पर्याय तिथे दिसला तर जीसीसी-१२ बसवा, झालं. लॉगच नसेल तर त्या कर्नलची हेडर्स आलेली नाहीत. नुसती इमेज न बसवता ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४’ हे मेटापॅकेज ठेवा, हेडर्स त्याच्या मागोमाग येतात.

पण खरं सांगायचं तर लॅबच्या मशीनवर एनव्हिडिया बांधायचंच कशाला? उबंटू दर कर्नलसाठी तयार, सही केलेली मॉड्यूल्स देतं. ५३५ शाखा वापरत असाल तर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया-५३५-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४’, आणि ५.१५ साठी तेच नाव शेवटचा एचडब्ल्यूईचा तुकडा वगळून. कंपायलर नको, हेडर्स नकोत, सिक्युअर बूटची कटकट नको. ही बसल्यावर एनव्हिडियाचं डीकेएमएसवालं पॅकेज मात्र काढा. वर सांगितलेला नियम आठवा: नाव सारखं असलं की ‘अपडेट्स’मधलं मॉड्यूल जिंकतं, तयार आलेलं तसंच पडून राहतं.

शाखा दोन्ही कर्नलांवर एकच ठेवा. मॉड्यूल दर कर्नलचं, पण लायब्रऱ्या मशीनला एकच. एका कर्नलला ५३५ चं मॉड्यूल आणि मशीनवर लायब्ररी दुसऱ्या शाखेची असेल तर एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ म्हणत हात वर करतं. रात्री आपोआप झालेल्या अपडेटनंतर सकाळी हाच संदेश दिसला तर काही बिघडलेलं नाही. लायब्ररी बदलली, मेमरीत जुनं मॉड्यूल आहे, रीबूट करा. अशा वेळी ड्रायव्हर उपटून नव्याने बसवायला घेणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

डीकेएमएसवरच राहायचं असेल आणि सिक्युअर बूट चालू असेल तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ भेटेल. मॉकयुटिलने आपली की एकदा नोंदवा. ती मशीनची असते, सगळ्या कर्नलांना चालते.

हे दर अपडेटला का होतं, असंही तुम्ही विचारलंय. लिनक्सचा शब्द आहे तो वापरकर्त्याच्या प्रोग्रामना: आज चालणारा प्रोग्राम उद्याच्या कर्नलवर चालेल. ड्रायव्हरना असा शब्द कधीच दिलेला नाही, आणि ते विचारपूर्वक ठरवलेलं आहे. कर्नलच्या प्रमुख देखभालकर्त्यांपैकी एक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ती भूमिका कर्नलच्या दस्तऐवजांतच मांडून ठेवली आहे. कर्नलच्या आतलं फंक्शन बदललं की बदलणाराच झाडातले (कर्नलच्या स्वतःच्या सोर्समधले) सगळे ड्रायव्हर दुरुस्त करतो. झाडाबाहेरच्यांनी आपलं बघावं. ६.४ मध्ये ‘क्लास_क्रिएट’चं एक आर्ग्युमेंट गेलं आणि ते वापरणारे बाहेरचे ड्रायव्हर बांधले जाईनात. ६.१५ मध्ये मेकफाईलमधला जुना ‘एक्स्ट्रा_सीफ्लॅग्स’ बंद झाला. रियलटेकच्या बाहेरच्या ड्रायव्हरांचं घोडं तिथे अडलं: कंपायलरला हेडरचा पत्ताच मिळेना, आणि एरर वाचून मेकफाईलवर संशय कोणालाही येत नाही.

‘मोठी आवृत्ती बदलली नाही म्हणजे सुरक्षित’ हाही भ्रम नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेबियन १२.५ आलं, कर्नल ६.१.७६. शाखा तीच, दीर्घकाळ सांभाळलेली ६.१. तरी एनव्हिडियाचं ५२५ बांधलं जाईना. मॉडपोस्टची (बांधणीच्या शेवटी मॉड्यूल तपासणारा प्रोग्राम) तक्रार अशी की जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) नसलेलं मॉड्यूल ‘__आरसीयू_रीड_लॉक’ हे फक्त जीपीएलवाल्यांसाठीचं सिंबल (मॉड्यूलला वापरता येणारं कर्नलमधलं फंक्शन) वापरतंय. एनव्हिडियाने एक ओळही बदललेली नव्हती. कर्नलमधलं ‘पीएफएन_व्हॅलिड’ हे हेडरमधलं छोटं फंक्शन दुरुस्त करताना त्यात आरसीयूचं कुलूप आलं, आणि ते फंक्शन एनव्हिडियाच्या कोडमध्ये जसंच्या तसं उमटत असल्याने दोष तिच्या माथी आला. दुरुस्ती रास्त होती, परवान्याचा नियम रास्त होता, आणि लोकांच्या स्क्रीन मात्र काळ्या.

रेडहॅटने वेगळी वाट धरली आहे. एका मोठ्या आवृत्तीच्या आयुष्यभर ठराविक सिंबल्स बदलायची नाहीत अशी यादी ते पाळतात. त्या यादीतलीच सिंबल्स वापरणारं मॉड्यूल पुढच्या कर्नलवर पुन्हा न बांधता ‘वीक-अपडेट्स’मधून जोडलं जातं. पण तिथेही एक फसगत आहे. आरएचईएल ८ चा कर्नल स्वतःला ४.१८ म्हणवतो, आत मात्र पुढच्या आवृत्त्यांतलं पुष्कळ आणून बसवलेलं असतं. आवृत्तीचा आकडा बघून ‘जुनं फंक्शन वापरा’ ठरवणारा ड्रायव्हर तिथे तोंडावर पडतो.

तर गोठवणं. ते मी एकाच ठिकाणी मान्य करतो: एखादं मोजमापाचं यंत्र किंवा कार्ड, ज्याच्या विक्रेत्याने सोर्स न देता तयार मॉड्यूल दिलंय. त्याचं व्हरमॅजिक (ते कोणत्या कर्नलसाठी आहे ती आतली खूण) एका कर्नलला बांधलेलं, तिथे इलाज नाही. ते मशीन ‘एपीटी-मार्क होल्ड’ करून नेटवर्कपासून बाजूला ठेवा. बाकीच्यांना सुरक्षेचे अपडेट मिळत राहू द्या. ५.१५ आणि ६.८ दोन्हींना २२.०४ वर ते एप्रिल २०२७ पर्यंत मिळणार आहेत.

बाकी लॅबमध्ये मी असं करीन. एक मशीन आधी अपडेट करायचं. ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड’ ठेवून चालता कर्नल ठरलेला राहू द्यायचा आणि नवा ‘ग्रब-रीबूट’ने एका वेळेपुरता चढवायचा. काही फसलं तर पुन्हा रीबूट केलं की जुना हजर, कोणाला कळफलक घेऊन मेन्यूपाशी बसायला नको. नव्यावर ‘डीकेएमएस स्टेटस’, एलएसयूएसबी, एलएसपीसीआय आणि एनव्हिडिया-एसएमआय बघायचं. सगळं ताब्यात असेल तर त्याला कायम करून बाकीच्यांकडे वळायचं. जुना कर्नल ठेवायचा असेल तर त्याची पॅकेजेस ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ करा, नाहीतर ऑटोरिमूव्ह कधीतरी तो उचलून नेईल.

पुढे २४.०४ वर जाल तेव्हा ते सुरूच ६.८ पासून होतं, म्हणजे डोंगलसाठी बाहेरच्या ड्रायव्हरची गरजच संपते. मात्र अपग्रेड सुरू करायच्या आधी तो डीकेएमएसमधून आणि /यूएसआर/एसआरसी मधून पूर्ण काढा, त्याची मॉडप्रोब.डी मधली फाईलही. ५.१५ वरून जाताय तर त्यानंतर अपग्रेड होईस्तोवर ते मशीन केबलवर ठेवा, कारण मधल्या काळात वायफाय नसेल.